लहान मापाची बाई

प्रिय चिंगू,

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की सातव्या महिन्याच्या मानाने बाळाचं वजन कमी दिसतंय. पण तू म्हणे डॉक्टरीणबाईंना सांगितलंस, आमच्याकडे चणच लहान, आई एवढीशी, मी जन्मले पावणेदोन किलोची, आणि आता बघा कशी ठणठणीत आहे. मग त्यांचंही समाधान झालं. मी नुसतं हो हो म्हटलं आणि गॅसवर दूध आहे सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

इकडे सगळं ठीक. तुझे बाबा निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरात लुडबुड करतात. परवा त्यांनी डबे नव्याने लावले, तेव्हापासून मला मीठ सापडत नाही. तू इथे असतीस तर सकाळी दोन अंडी, दहाला दूध, अकराला केळं, असा मी तुझ्यामागे लकडा लावला असता आणि तू वैतागली असतीस. तुझ्या त्या वैतागाचीसुद्धा फार आठवण येते गं.

तू व्हायच्या आधी मी कपड्यांच्या कारखान्यात होते, एवढंच तुला ठाऊक आहे. काय काम करायचे ते मी कधी नीट सांगितलं नाही. मी मापाची बाई होते. लहान मापाचा प्रत्येक नमुना आधी माझ्या अंगावर चढायचा. मास्तर टाचण्या तोंडात धरून माझ्याभोवती फिरायचे, आणि माझ्या कमरेवर बेतलेले हजारो कपडे कुठल्या कुठे जायचे. दर सोमवारी टेप फिरायची. कंबर बोटभर वाढली की माझ्या जागी दुसरी. पगाराची गरज होतीच, पण खरं सांगायचं तर मला त्या कामाचा तोरा होता. चारचौघींत मी उठून दिसायचे.

तुझी चाहूल लागली तेव्हा मी कारखान्यात कुणाला कळू दिलं नाही. सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धा पाव, संध्याकाळी मळमळतंय म्हणून ताट बाजूला. तुझ्या बाबांना वाटायचं, मला डोहाळे कडक आहेत. चौथा सरेपर्यंत टेपला पत्ता लागू दिला नाही. मग मास्तरांच्या लक्षात आलंच, आणि मी घरी बसले. पण तोवर पोट इतकं आक्रसलं होतं, की चार घासांच्या वर जेवण जाईना. आणि खरं म्हणजे मीही फार जोर केला नाही. परत त्या कामावर जायचं डोक्यात होतं.

तू दिवस पूर्ण भरून जन्मलीस, तरी एवढीशी. बावीस दिवस काचेच्या पेटीत होतीस. तिच्या भोकातून माझं एक बोट तुझ्या तळव्याला लागायचं, बस्स. घरी येऊन मी उशी छातीशी धरून बसायचे. तू शिकलीस, लग्न करून लांब गेलीस, तरी तुला उराशी धरायचं काहीतरी बाकी राहिल्यासारखं मला अजून वाटतं. बघायला येणारे विचारायचे, इतकी लहान कशी. मी म्हणायचे, माझ्यावर गेलीय. मी लहान चणीची, आणि अशा बाईचं बाळ लहान असू शकतं, म्हणून ते सगळ्यांना पटलं. तुलाही मी तेच सांगत आले.

पुढच्या गुरुवारी तुझी तपासणी आहे. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय. हे पत्र डॉक्टरीणबाईंना वाचून दाखव. त्यांना सांग, माझ्या जन्माचं वजन हिशेबात धरू नका, माझी आई तेव्हा उपाशी राहत होती. तुझी आजी तर माझ्याहूनही ठेंगणी होती, तरी मी जन्मले तेव्हा तीन किलोची होते. बाळाला नीट बघा म्हणावं. तू काय खातेस, किती खातेस, ते त्या विचारतील, तेव्हा काही लपवू नकोस. त्यानंतर माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर नको बोलूस. आधी जेव.

तू अजून म्हणू देशील तर तुझीच,
आई