तिसरं पातं

९ मार्च, शनिवार

दादा,

आईला नमस्कार, वहिनीला आठवण आणि तुला पाठीत एक धपाटा, कारण पत्राला उत्तर न देण्यात तू माझ्यावरही कडी केली आहेस. मी मजेत आहे. खोलीतला नळ गळायचा थांबला (वायसर मीच बदलला), वजन दोन किलोने वाढलं आणि शेजारच्या बाईंची शिलाईयंत्राची घरघर आता मला अंगाईसारखी वाटते. झाली ख्यालीखुशाली. आता मुद्द्याचं ऐक, आणि बसला असशील तर उठून उभा राहा.

जमलं! दादा, जमलं रे! सहा महिने ज्याच्यामागे डोकं फोडत होते ते परवा दुपारी सव्वादोन वाजता जमलं. मी ऑफिसात ओरडले. खरोखर ओरडले. पलीकडच्या टेबलावरच्या हिशेबनीसाने कानातला कापूस काढून विचारलं, ‘‘बाई, आग लागली का?’’

तू हे पत्र आईला वाचून दाखवशील आणि आई विचारेल, ‘‘ही पोरगी तिथे नक्की करते काय?’’ म्हणून आधी तिच्यासाठी. आई, वीज उपकेंद्राच्या यार्डात वीज तोडायचं खरं काम ब्रेकर करतो, पण तो सगळं स्वतःच्या पोटात करतो. बाहेरून काही दिसत नाही. लाईनवर माणूस चढायचा असेल तर दिवा काय म्हणतो, काटा काय म्हणतो, याच्यावर कुणी भरवसा ठेवत नाही. म्हणून ब्रेकरच्या पुढे उघड्यावर आयसोलेटर असतो. उंच खांबांवर तीन जोड्या, एकेका तारेची एकेक. प्रत्येक जोडीत दोन लांब हात मधोमध येऊन भेटतात, त्या जोडीला आम्ही पातं म्हणतो. खाली हँडल फिरवलं की तिन्ही पाती एकदम उघडतात, आणि मधली मोकळी हवा डोळ्यांना दिसते. ती हवा दिसली तरच माणूस वर जातो. तुझी लेक ही हवा बनवते, असं शेजारणीला खुशाल सांग.

आता तुझ्यासाठी. हँडल पहिल्या पात्याला फिरवतं, आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत पाईप जातो. पाईप निसटला तर तिसरं पातं बेवारशी. आजवर आम्ही सगळे त्या पाईपची पकड घट्ट करण्याच्या मागे लागलो होतो. मी म्हटलं, पकड सुटली तर सुटू दे! पातं स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. पण कसं?

तर तुला आपलं घडीचं टेबल आठवतं? ज्याच्यावर एका बाजूला तू आणि एका बाजूला मी अभ्यास करायचो, आणि मी कोपर टेकलं की ज्याची तंगडी दुमडून शाई तुझ्या वहीवर जायची? तू एकदा उताणा झोपून त्याच्याखाली गेलास, तंगडीचा सांधा सरळ केलास आणि मग तळहाताने आणखी एक रट्टा दिलास. सांधा सरळच्या किंचित पलीकडे गेला, खाडकन. म्हणालास, ‘‘खटपटी, आता हत्ती बसव. सरळ असतं ते दुमडतं. सरळच्या जरा पलीकडे गेलं की ज्या बाजूने ढकलशील त्या बाजूने घट्टच होतं.’’ मी आठ वर्षांची होते आणि लगेच टेबलावर चढून बसले होते.

तेच केलंय! प्रत्येक पात्याच्या पायथ्याशी तसा एक सांधा. उघडताना शेवटच्या टप्प्यात तो सरळच्या पलीकडे जाऊन खाडकन बसतो. मिटतानाही तसाच. मग पात्याला वरून कुणी कितीही हलवो. फक्त खालच्या हँडलनेच तो सांधा उलटा निघतो. फोरमनकाकांनी कागदावर नमुना बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला आणि म्हणाले, ‘‘इतकं सोपं असेल तर आधी का नाही केलं?’’ यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडून आजवर कुणाला मिळालेली नाही.

२१ तारखेला साहेबांसमोर चाचणी. एक हजार वेळा उघडझाप, मग पाईप मुद्दाम सोडून दोरीने ओढाओढ. पास झालं तर पहिला संच उन्हाळ्याआधी एखाद्या यार्डात लागेल.

घरी कधी येतेस, असं वहिनीने मागे विचारलं होतं. चाचणी होईपर्यंत तरी काही खरं नाही. त्यानंतर बघू. तुमच्या यार्डातल्या त्या गोष्टीशी या कामाचा तसा थेट संबंध नाही, तू उगाच तसं काही मनात आणू नकोस. स्टोअरमध्ये बसून कंटाळत असशील. तुझ्या जोडीदाराचा हात कसा आहे आता?

उत्तर पाठव. एक ओळ तरी.

तुझी,
खटपटी

*

१४ मार्च

खटपटी,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं, ती शेजारी सांगून आली. टेबल अजून आहे. तंगडी अजून खाडकन बसते.

जोडीदाराची मूठ आता वळते. पाना धरता येत नाही, कप धरता येतो.

डिझाइन मला समजलं. चांगलं आहे. एकच विचारतो. पात्याला वारा दाखवलास का? तुमच्या हॉलमध्ये वारा कुठून येणार म्हणा.

वहिनी म्हणते, वजन वाढलं ते बरं झालं.

— दादा

*

२२ मार्च, शुक्रवार

दादा,

पास झालं! आधी हे लिहून टाकते, कारण पुढचं लिहिताना माझा हात किती चालेल ते सांगता येत नाही. काल सकाळी अकरा ते दुपारी चार. हजारच्या हजार उघडझापी, एकही अडखळ नाही. मोजणीचा आकडा ९९९ वर आला तेव्हा सगळा हॉल एका आवाजात ‘‘हजाऽऽर’’ म्हणाला, गेटवरचा पहारेकरीसुद्धा आत येऊन उभा होता. मग आम्ही तिसऱ्या पात्याचा पाईप पार काढून बाजूला ठेवला. पातं उघडं, कुणाशी काही नातं नाही. त्याच्या टोकाला दोरी बांधली आणि फोरमनकाका लोंबकळले. पंच्याऐंशी किलो! पाय जमिनीवरून उचलले त्यांनी. पातं तसूभर हललं नाही. काकाच झोके घेत म्हणाले, ‘‘मला उतरवा, मला जेवायचंय.’’

मी हसत होते आणि माझे डोळे वाहत होते. सगळ्यांना वाटलं आनंदाने. आनंद होताच, खोटं कशाला बोलू. पण तुझी ती चिठ्ठी माझ्या खिशात होती.

वारा दाखवलास का, असं तू विचारलंस. दोन वर्षं तू हेच सांगतो आहेस. चौकशीतही तू हेच सांगितलंस. हँडल फिरवलं, कुलूप घातलं, मग रिवाजाप्रमाणे प्रत्येक पात्याखाली जाऊन मान वर करून मोठ्याने मोजलं, एक, दोन, तीन. तिन्ही उघडी होती. मग वावटळ आली, आणि जोडीदाराने जमिनीची तार जोडायची काठी वर नेली तेव्हा तिसरं पातं मिटलेलं होतं, तारेत वीज होती, आणि त्याचा हात भाजला. चौकशीत पाईपची पकड सुटलेली सापडली. त्यांनी म्हटलं, पकड उघडतानाच सुटली, तिसरं पातं उघडलंच नाही, ऑपरेटरने सवयीने तीन म्हटलं आणि बघितलं दोनच. तू म्हणालास, ‘‘मी बघितलं.’’ त्यांनी आमच्या कारखान्याला लेखी विचारलं, उघडलेलं पातं वाऱ्याने परत मिटू शकतं का?

कारखान्याचं उत्तर तुला पाठ असेल. ‘‘उघडलेले पाते आपोआप परत मिटणे शक्य नाही.’’ खाली सही साहेबांची आहे.

ते वाक्य मी लिहिलं, दादा.

ती पकडही माझीच. पाईपला भोक पाडून पिन घालायची जुनी पद्धत मी बंद केली आणि नुसती आवळायची पकड काढली. बसवायला अर्धा दिवस वाचतो म्हणून माझी वाहवा झाली, आणि ते मी तुलाच आधी कळवलं होतं. तू पेढे नकोत, पत्रच पुरे असं लिहिलं होतंस.

आणि आता ते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या पकडीच्या चाचणीच्या वेळी, म्हणजे तुमच्या अपघाताच्या वर्षभर आधी, एका दुपारी हॉलमध्ये मी एकटी होते. एक पकड नीट आवळली गेली नव्हती. उकडत होतं म्हणून कोपऱ्यातला मोठा उभा पंखा लावला. आणि उघडं पातं माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू फिरलं, कुणी दार लोटून घ्यावं तसं, आणि मिटलं. मी काय केलं माहीत आहे? पकड आवळली आणि पंख्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. मनाला सांगितलं, आपल्याच हातून सैल राहिली होती, नीट बसवल्यावर असं कशाला होतंय. नोंदवहीत एक अक्षर लिहिलं नाही.

चौकशीचा कागद आला तेव्हा त्यावर तुझं नाव नव्हतं, नुसतं ‘ऑपरेटर’ होतं. पण यार्डाचा क्रमांक होता. मला माहीत होतं तो तू आहेस. नव्हतं माहीत, असं लिहायचा मोह या पत्रातही मला दोनदा झाला. साहेबांनी विचारलं, ‘‘असं होऊ शकतं का?’’ आणि मला तो पंखा दिसला, आणि मी म्हटलं, ‘‘नाही.’’ घाबरले होते. दुसरं काही कारण नाही. मग तू स्टोअरमध्ये गेलास, आणि मला घरी यायला सवड मिळेनाशी झाली. सवड भरपूर होती रे.

काल काका दोरीवरून उतरल्यावर साहेब सह्या करायला पेन काढत होते. मी म्हटलं, ‘‘थांबा साहेब, अजून एक चाचणी आहे. यादीत नाही.’’ माझी पाचावर धारण बसली होती, पण तोंड चालत होतं. मी सामानाच्या खोलीतून आपलं जुनं मॉडेल आणायला लावलं, माझ्या पकडीचं. ते नव्याच्या शेजारी उभं केलं, दोन्ही उघडली. जुन्याची पकड सैल केली, नव्याचा तर पाईपच काढलेला होता. आणि कोपऱ्यातून तोच पंखा मी स्वतः ढकलत आणला. त्याची चाकं अशी कुरकुरली की सगळे बाजूला झाले.

पंखा लावला. सुरुवातीला काहीच होईना. काका म्हणाले, ‘‘अगं, पंख्याने काय होणार...’’ आणि तेवढ्यात जुनं पातं हललं. बोटभर. मग हातभर. मग सरळ जाऊन मिटलं. टक् असा एवढासा आवाज. नवं पातं होतं तिथेच होतं.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. त्यांना ते वाक्य आठवलं असणार, कारण ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ‘‘आपण लेखी दिलं होतं.’’

मी म्हटलं, ‘‘मी दिलं होतं. तुम्ही सही केलीत. मला तेव्हाच माहीत होतं.’’

‘‘काय माहीत होतं?’’

मग मी सगळ्यांसमोर पंख्याचं सांगितलं. ऑपरेटर माझा सख्खा भाऊ आहे, हेही सांगितलं. काकांनी पंखा बंद केला. साहेब खिडकीशी गेले आणि म्हणाले, ‘‘नवं डिझाइन पास आहे, ते मी अडवणार नाही. तुमचं काय करायचं ते माझ्या हातात राहणार नाही.’’ मी म्हटलं, ‘‘चालेल.’’ आणि आश्चर्य सांगू का, खरंच चालेल असं वाटलं. घरी आले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपले.

आज सकाळी चौकशी समितीला पत्र गेलं. माझ्या सहीचं, साहेबांच्या नाही. सोबत कालच्या चाचणीचा अहवाल, काकांची आणि पहारेकऱ्याचीसुद्धा साक्षीची सही. त्याची प्रत या पाकिटात आहे. आईला वाचून दाखवायची की नाही ते तू ठरव. जोडीदाराला मात्र दाखव. त्याला वेगळं पत्र लिहायला बसले होते, तीन कागद फाडले. त्याच्या दारात जाऊनच बोलावं लागेल.

माफ कर, असं मी लिहीत नाही. मागायचं तोंड नाही, आणि तू दिलीस तर मला पेलायची नाही. तू रागाव. हे पत्र आणि आपलं टेबल एकत्र चुलीत घातलंस तरी माझं म्हणणं नाही. म्हणजे, टेबल नको घालूस.

पण एक ऐक. पहिला संच कुठे लावायचा असं विचारलं तेव्हा मी तुमच्या यार्डाचं नाव सांगितलं, त्याच जागी. मे महिन्यात लागेल. तेव्हा मी तिथे नोकरीवर असेन की पाहुणी म्हणून गेटवर नाव लिहून येईन, ठाऊक नाही, पण येईन. तोवर समितीने तुला स्टोअरमधून परत बोलावलेलं असावं, आणि पहिलं हँडल तू फिरवावंस, एवढंच मला हवंय. मी हात पाठीमागे बांधून उभी राहीन. तू नेहमीसारखा एकेका पात्याखाली जा आणि मोठ्याने मोज, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं.

त्या दिवशीही तू नीटच मोजलं होतंस, दादा. तू ‘तीन’ म्हणालास तेव्हा तिन्ही उघडी होती.

हे तेव्हाच माहीत असलेली,
तुझी बहीण