खोकल्यासकट

३ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईवरची फिल्म आता बघवेल असं वाटतं, असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत आणि मला इतका आनंद झाला, की इंटरनेटवर माझ्या पानावर कुलूप लावून ठेवलेली ती फिल्म मी त्याच संध्याकाळी खुली केली. म्हटलं, शेजारच्या मास्तरांच्या कॉम्प्युटरवर तुम्हाला आरामात बघता येईल. सकाळी पाहते तो फिल्म गायब! तिच्या जागी सूचना, की कॉपीराइटचा भंग झाल्याची मालकांची तक्रार आहे. बाबा, कॅमेरा माझा, बाइंडिंगचं दुकान तुमचं, तिथे बसून पानं शिवणारी आई आपली. आणि मालक कोण, तर फिल्म थिएटरांत लावून देतो म्हणणारी ती वितरण कंपनी.

मी फोन केला. तिथला साहेब फार गोड बोलतो. म्हणाला, करारात तुम्ही सगळे हक्क कायमचे दिलेत आणि मूळ डिस्कही आमच्याकडे जमा आहे. पानावरची एवढी एकच प्रत माझ्याकडे होती, तीही गेली. त्यावर कडी म्हणजे आई मधेच खोकते आणि तुम्ही पाण्याचा पेला घेऊन येता, तो तुकडा त्यांनी कापलाय. आवाज स्वच्छ नाही म्हणून तिचं सगळं बोलणं एका अभिनेत्रीकडून पुन्हा बोलून घेतलंय. तोंड आईचं, आवाज भलतीचा आणि चोर मी.

वकीलबाईंना करार आणि त्याच्यासोबतचे सगळे कागद हवेत. आईच्या शेवटच्या आजारपणात तो गठ्ठा तुमच्या टेबलावरच राहिला. तेवढा पाठवाल का?

लोभ वाढता ठेवा. त्याचे हक्क मी अजून कुणाला लिहून दिलेले नाहीत.

तुमची
बबडी


११ जानेवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

कागद सापडले. तीनदा वाचले. पहिल्या पक्षाचं वाचलं की वाटतं तू बरोबर, दुसऱ्याचं वाचलं की वाटतं कंपनी बरोबर. तुझी आई कुठल्या पक्षात आहे, ते शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही. सही करण्यापूर्वी तू हे वाचलं होतंस का, असं मी विचारत नाही. शाळेत तू प्रश्न न वाचता उत्तरं लिहायचीस, तेव्हा उत्तर मला ठाऊक आहे.

आता माझा गुन्हा ऐक. सुटे कागद मला डोळ्यांसमोर सहन होत नाहीत. तो गठ्ठा मी तेव्हाच शिवला, तिन्ही बाजूंनी कापला आणि हिरव्या कापडाच्या पुठ्ठ्यात बांधून टाकला. बांधणी झकास झाली आहे. फक्त पानांच्या कडेला तू केलेल्या छोट्या सह्या कापण्यात गेल्या. वकीलबाईंना माझ्या वतीने माफी माग.

सगळ्यात शेवटी एक निराळं पान आहे, आवाजाचं संमतीपत्र. त्यात छापलंय, मी माझा आवाज अमुक यांना देत आहे. त्या अमुकच्या रिकाम्या जागी तुझ्या आईने चक्क ‘बबडी’ असं लिहून ठेवलंय! तिथे कंपनीचं नाव हवं होतं ना? खाली तिची सहीही दिसत नाही. माझ्या तर सगळं डोक्यावरून गेलं. तुला काही उलगडलं तर कळव.

लोभ आहे तसा राहू दे, माझ्या कापाकापीचा राग धरू नकोस.

तुझे
बाबा


१९ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. ते संमतीपत्र कंपनीकडे कधी गेलंच नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. बाई म्हणाल्या, जे तुमचं होतं ते तुम्ही देऊन बसलात, पण आवाज आईचा होता आणि तो आईंनी तुम्हाला दिलाय. मात्र सही हवी.

बाबा, सही तिने केली होती. पेन चालेना म्हणून पान उलटं करून तिने पेन घासलं होतं आणि मग अगदी तळाशी सही केली होती, मला लख्ख आठवतंय. म्हणजे ती तुमच्या यंत्राखाली गेली. कापलेल्या पट्ट्या तुम्ही काय करता? रद्दीवाल्याला दिल्या असं कृपा करून लिहू नका.

आणखी एक गंमत. बबडी म्हणजे मीच, याचाही पुरावा लागेल म्हणे.

लोभ असावाच, आणि थोडी घाईही असावी.

तुमची
बबडी


२ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सलात भरायला पट्ट्या लागतात म्हणून मी त्या फेकत नाही, हे तुझं नशीब. तीन पोती निघाली. आठ दिवस दुकानात खाली बसून एकेक पट्टी पाहिली. गिऱ्हाइकांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. शेवटी बोटभर रुंदीची ती पट्टी हाताला लागली. तिची सही, शेवटच्या अक्षराचं शेपूट नेहमीसारखं लांब ओढलेलं.

खरं सांगतो, पाठवावीशी वाटेना. दोन दिवस चष्म्याच्या घरात ठेवली. तिच्या हातचं माझ्याकडे दुसरं काय आहे? भाजीच्या याद्यासुद्धा मी जपल्या नाहीत. मग पुठ्ठा उसवला, ते पान सोडवलं आणि पातळ कागद लावून पट्टी जागच्या जागी जोडली. नख फिरवून पाहा, सांधा लागणार नाही.

बबडी म्हणजे माझीच मुलगी, असं प्रतिज्ञापत्रही केलं. कारकुनाने विचारलं, हे नाव कधीपासून? म्हटलं, ती रडायला लागली तेव्हापासून, आणि अजून थांबलेली नाही.

कागद परत मिळाला तर पाठव. नाही मिळाला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझे
बाबा


२७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो की हरलो, मला अजून कळत नाही. आवाज माझा, हे कंपनीने मान्य केलं, आणि तेही हसत हसत, कारण त्यांना तो नकोच होता. चित्र त्यांचं ते त्यांचंच. थिएटरात आईचे ओठ हलणार आणि बोलणार ती अभिनेत्री. माझ्याकडे आईचं सगळं बोलणं आलं, पण बघायला काही नाही. वकीलबाईंनी अभिनंदन केलं, मी आभार मानले आणि जिन्यात बसून रडले.

तुम्हाला ती दाखवायची होती, बाबा. तेवढंच जमलं नाही. आवाज मात्र मी खोकल्यासकट मागून घेतला. रेडिओला लावायची पेनड्राइव्ह सोबत आहे. आईचा कागद मात्र त्यांनी ठेवून घेतला, मला माफ करा.

लोभ असावा, माझं चुकलं तरी असावा.

तुमची
बबडी


६ मार्च

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

दुपारी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि रेडिओ लावला. तिचं स्टूल खिडकीपाशीच आहे. कागद दुमडल्याचा आवाज, दोरा ओढल्याचा आवाज, चिकटवायची खळ पातळ केली म्हणून मला दोनदा बोलणी. मी आपला पानं जुळवत ऐकत होतो.

मग तो खोकला आला. आणि बबडे, मी भानावर आलो तेव्हा तिच्या स्टुलाजवळ उभा होतो, हातात पाण्याचा भरलेला पेला.

लोभ असू दे, आणि जमेल तेव्हा दोन दिवस येऊन जा.

तुझे
बाबा