आधी गाडी वळवून लाव

आप्पा, "आधी गाडी वळवून लावायची, मग दमायचं," असं तुम्ही म्हणाला होतात. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि मला भूक लागली होती. सुट्टीत हट्ट करून तुमच्याबरोबर वस्तीच्या गाडीने आले होते. संध्याकाळी पोलादपूरहून निघून डोंगरातल्या शेवटच्या वाडीत जायची, रात्रभर तिथेच मुक्काम करायची आणि सकाळी पहिली खाली उतरायची ती लाल गाडी. कुडपणच्या अलीकडची ती वाडी, तिथे रस्ताच संपायचा. माणसं उतरली, कोंबड्यांची पाटी उतरली, कंडक्टरकाकांनी टोपी काढून घाम पुसला. समोरच्या घरातून भाकरीचा वास येत होता, आणि तुम्ही त्या एवढ्याशा मोकळ्या जागेत पुढे-मागे करत गाडीचं तोंड खालच्या वाटेकडे फिरवत होतात. काका मागे उभे राहून पत्र्यावर थापा मारत होते, "येऊ द्या, येऊ द्या... बास!" मी रडायलाच लागले. सकाळी वळवा ना, म्हटलं. तुम्ही म्हणालात, "वाडीत ही एकच गाडी हाय. कुणाला पान लागलं तर विष थांबेल काय गो, तुझी भाकर खाऊन होईस्तोवर?" साप चावण्याला आपल्याकडे पान लागणं म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. मग ते वाक्य म्हणालात आणि हात धुवायला गेलात.

आज मी पोलादपूरच्या एका गॅरेजबाहेर बाकड्यावर बसून हे लिहिते आहे. दुपार आहे, आमची गाडी आत उघडून ठेवली आहे. तुम्ही असतात तर हसला असतात, की आम्ही नवराबायको सात महिने गाडीत राहतो आहोत. तुमच्या जावयाने नोकरी वेळेआधी सोडली, जुनी व्हॅन घेतली, वर्षभर स्वतः खपून तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली. वीस वर्षं तो या प्रवासाबद्दल बोलत होता. ठाण्याच्या घराला कुलूप लावताना मीही खूश होते, खोटं सांगत नाही. तुमची अर्धी हयात गाडीच्या बाकावर मुटकुळं करून गेली. महाडच्या घरी आलात की जमिनीवर हातपाय पसरून पडायचात आणि म्हणायचात, आज पायांना जागा पुरली. ते मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

आता मी दमले आहे, आप्पा. आजारी नाही, भांडण नाही, नुसती दमले आहे. पलंग दुमडला की टेबल होतं, टेबल दुमडलं की पलंग. रोज सकाळी कुठे पाणी भरून मिळेल, कुठे संडासला जाता येईल, हे अनोळखी माणसांना हसून विचारायचं. टॉवेल कधी पुरता वाळत नाही. तो मात्र रोज नव्या उमेदीने नकाशा उघडतो. संध्याकाळी चहा करताना म्हणतो, "बघ, आज आपलं घर कुठे आहे!" आणि मला माझ्या स्वयंपाकघरातली, चालताना हलणारी ती एक फरशी आठवते. त्याला पुरे म्हणायला तोंड उघडते आणि साखर किती विचारते.

परवा मीच त्याला त्या वाडीत घेऊन गेले. भात कापणीला आलंय, सगळा उतार पिवळा झालाय. रस्ता आता पुढेही जातो, पण ती जागा आहे. त्याला सकाळी समोरच्या काचेतून दरी दिसायला हवी होती, म्हणून त्याने गाडी सरळ तोंडाने उतारावर घातली. मी मागे उभी होते, कंडक्टरकाकांच्या जागी. थाप मारून मीच बास म्हटलं. तुम्हाला भाकरी वाढणाऱ्या घरातली सून आता म्हातारी झाली आहे. मी कोणाची, हे सांगितल्यावर तिने मला जवळ बसवून घेतलं होतं. अवेळी सर येऊन गेली, आणि सकाळी चाकं नुसती जागेवर फिरत राहिली. आठ-दहा जणांनी ढकलून गाडी वर काढली तेव्हा क्लचचा जळका वास वाडीभर सुटला होता.

"काय गो," म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली, "डायवरची पोर ना तू? तुझ्या बापानं जन्मात कधी अशी लावली नाय गाडी."

"चूक माझी आहे, आजी," तुमचा जावई चिखलाने भरलेले हात पुसत म्हणाला. "ही बिचारी मागे उभी होती."

"मागं हुबं ऱ्हायचं ते बोलायला, का बघायला?" ती म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसले.

आप्पा, मी विसरले नव्हते. तो गाडी आत घालत होता तेव्हा तुमचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, आणि मी ते गिळलं. मला वाटलं, अडकू दे. मग पुरे हे मला म्हणावं लागणार नाही, चिखल म्हणेल. त्याला हे अजून सांगितलेलं नाही. माझ्या वाटची चूक तो दोन दिवस स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडतो आहे.

आत्ता गॅरेजवाले हात पुसत बाहेर आले. "ताई, झाली बघा. भायेर काढून लावतो. तोंड कुठं करू, गोव्याकडं का मुंबैकडं?" जावयाने हातातला चहा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "सांग, तू म्हणशील तसं," तो म्हणाला. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. त्या पाच मिनिटांत हे उरलेलं लिहिते आहे, त्याच्याच नकाशाच्या वहीत, मागच्या पानावर. कुठे पाठवायचं नाहीच आहे.

मी अठराची असताना चवदार तळ्याजवळच्या गल्लीत जीप आडवी अडकवली होती, आठवतं? दोन्हीकडून हॉर्न वाजत होते. मी काच खाली करून म्हटलं, आप्पा, तुम्ही या ना. तुम्ही हाताची घडी घालून उभे राहिलात. "स्टेरिंग तुझ्या हातात हाय, माझ्या नाय." आजही तेच म्हणाल, माहीत आहे. तरी विचारते. एवढी एक गाडी तुम्ही वळवून द्याल?