कुंचीतली बाहुली

माय, त्या बाहुलीची कुंची शेवटी मी काढली. तू गेल्यावर पेटीतून ती माझ्याकडं आली, त्याला कितीतरी वर्षं झाली. कपाटाच्या वरच्या खणात तू शिवलेल्या कुंचीसकट बसवली होती, तशीच बसून होती. आता नात विचारायला लागली, आजी, ही कुठली, किती जुनी? सांगता येईना. मी आयुष्यभर वाळूजच्या कारखान्यात आलेला माल तपासला, कोणता पार्ट कोणत्या लॉटचा हे हातात घेऊन सांगायचे, आणि घरातल्या बाहुलीचं वय माहीत नाही म्हणजे काय! म्हणून भिंग अन् पट्टी घेऊन बसले. तोंड चिनी मातीचं, पण कपबशीसारखं चकचकीत नाही, पावडर लावल्यागत मऊ दिसणारं. असल्या मातीला बिस्क म्हणतात म्हणे. ओठ जरा उघडे, आत वरचे चार दात. आडवी केली की काचेचे डोळे मिटतात, कारण आत शिशाचं वजन बसवलेलं असतं. हातपाय कागदाच्या लगद्याचे, कोपरात अन् गुडघ्यात गोल सांधे. एवढं सगळं लिहून, फोटो काढून पुण्यात जुन्या बाहुल्या जमवणाऱ्या एका बाईंना पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला, "अहो, ते टोपडं काढा ना! खरी ओळख मानेमागं असते." मी म्हटलं, काढते. आणि बरेच दिवस काढलं नाही.

का, ते तुला माहीत आहे. माझे केस. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावंच्या गावं पेटली होती तेव्हाची गोष्ट. अण्णा नुकतेच चिकलठाण्याच्या कारखान्यात लागलेले, आपण दोन खोल्यांत, मागं तुझ्या शेळ्या. गावाकडची तुझी लहानपणची मैत्रीण आपल्या पोरीला घेऊन नेसत्या लुगड्यानिशी आली, त्यांच्या वस्तीतली घरं जाळली होती. शेजारीण कुजबुजली, ह्यांना कशाला घेतलं घरात, आपल्यावर येईल. तू म्हणालीस, "माझं घर हाय." शहरात कर्फ्यू, शाळा बंद. मी अन् ती पोरगी एका गोधडीत झोपतो. आणि माझ्या डोक्यात उवा निघतात, माझ्याच, शाळेतून आणलेल्या. रेशनचं दुकान बंद म्हणून डोक्याला चोळायला रॉकेल नाही. तू फणी फिरवून फिरवून थकतेस आणि उठून कात्री आणतेस. "बस खाली." माझे केस कमरेपर्यंत. मी म्हणते, मग तिचे पण काप. "तिचे काहून कापू? तिच्या डोक्यात काय नाय. उद्या तिला गेल्या तर काय म्हणतील लोक? घरात घेतलं अन् उवा दिल्या? पाहुणी हाय ती." मी भोकाड पसरते. "गप. केस परत येत्यात. तिचं घर जळालंय, ती रडती का?" ती पोरगी दारात उभी असते. ती आपली वेणी हळूच फ्रॉकच्या आत सारते. ते मला अजून दिसतं.

कापलेले केस तू फडक्यात बांधून फळीवर ठेवलेस. कर्फ्यू उठला, त्या मायलेकी एका नातेवाइकाकडं गेल्या, आणि केसांवर भांडी देणारी बाई पुन्हा गल्लीत ओरडत यायला लागली. एके दिवशी शाळेतून आले तर फळीवर फडकं नाही आणि चुलीपाशी नवा कोरा स्टीलचा डबा. मी विचारलं, माझे केस कुठंयत? तू म्हणालीस, "असतील की." मला काय समजायचं ते समजलं. माझे कमरेइतके केस देऊन तू डबा घेतलास! त्या डब्यातली साखर मी कधी आपल्या हातानं काढून घेतली नाही, तुझ्या लक्षात आलं होतं का कोण जाणे.

दिवाळीच्या सुमारास तू ही बाहुली आणलीस. शहागंजातल्या ज्या म्हाताऱ्या बीबीकडं तू शेळीच्या दुधाचा रतीब घालायचीस, ती सगळं आवरून लेकाकडं हैदराबादला निघाली होती. तिच्या लहानपणी तिकडूनच आणलेली बाहुली तिनं तुला दिली. "बाल कीडे खा गये इसके, बाकी अच्छी है. तेरी पोरी को दे," असं ती म्हणाली, हे तू शेजारणीला सांगत होतीस आणि मी ऐकत होते. वर तू तिला कुंची घालून माझ्यापुढं धरलीस. मी काय म्हणावं? टकलीला टकली बाहुली! मला वाटलं, आता माझी चेष्टा चाललीय. "मला नको तुझी टकली." तू म्हणालीस, "अगं, कुंची तर काढून बघ." "नको म्हटलं ना!" "बरं. ठिवते." आणि ठेवलीस. पुन्हा काढली नाहीस.

परवा दुपारी कुंचीचा बंद सोडला. मानेमागं मातीतच कोरलेला साच्याचा आकडा आहे आणि खाली इंग्रजीत जर्मनी. पुण्याच्या बाईंनी आकडा बघून पहिल्या महायुद्धाच्या आधीची म्हणून सांगितलं, म्हणजे बीबीच्या लहानपणाशी बरोबर जुळतं. पण मी मानेकडं नंतर बघितलं. आधी कुंची निघाली तसे केस खाली आले. काळे, लांब, बाहुलीच्या पार पायांपर्यंत. एका कापडी टोपीवर बट न् बट दोऱ्यानं टाचलेली, गोधडीला घालायचीस तसा बारीक धावदोरा. टोपीचं कापड निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं, माझ्या त्या वर्षीच्या शाळेच्या फ्रॉकचं. भिंग लागलं नाही, माय. मग मला तुझा इतका राग आला! तोंड होतं ना तुला? एवढी वर्षं, माझं लग्न झालं, लेकरं झाली, एकदा तरी म्हणायचंस, अगं बाई, तुझेच केस हायत ते. आणि तो डबा? अण्णांच्या जुन्या पँटी दिल्या असशील बोहारणीला, दुसरं काय.

पुण्याच्या बाई म्हणाल्या, केस मूळचे नाहीत, कुणीतरी घरी केलेलं काम दिसतंय, काढून टाका, मी बरोबर त्या काळातला टोप देते, शेळीच्या केसांचा. शेळीच्या! तू पोट धरून हसली असतीस. मी म्हटलं, राहू द्या.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर इतकं धडधडीत लिहिलं. एक राहिलं. त्यानंतर मी केस वाढवलेच नाहीत. कारखान्यात सांगायचे, मशीनपाशी लांब केस बरे नाहीत. सासूलाही तेच सांगितलं. ते सगळं तुझ्यावरच्या रागानं होतं. त्यामुळं मला साधी वेणी घालता येत नाही. काल नातीला म्हटलं, मला वेणी घालायला शिकव. माझ्या पांढऱ्या बॉबकटाकडं बघून ती म्हणाली, "आजी, कुणाच्या केसांची?"

मी म्हटलं, माझ्या.