पेटीतले चार किलो

सांगली, १९ ऑगस्ट १९९६

ती. नारायणमामांस,
भार्गवीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पेटी काल आली! मी नारळ फोडला, फिरदोसने वरची फळी. आणि मग दोघींचे चेहरे उतरले. तुम्ही महिनाभर खपून नव्यासारखा केलेला, शाफ्ट पकडायचा लेथचा चक, त्याच्या तीन जबड्यांपैकी एकाचा कोपरा उडालाय. शाफ्टला मागून आधार देणाऱ्या फिरत्या सेंटरचं टोक इतकं बोथट झालंय की कुणाला टोचणारसुद्धा नाही.

मामा, पाच सप्टेंबरला पलूसच्या पंप कारखान्याचे दादासो येणार आहेत. त्यांच्यासमोर पंचवीस शाफ्ट काढून दाखवायचे. पास झालो तर वर्षभराचं काम. नापास झालो तर बाबांनी सहा महिन्यांच्या बोलीवर घेऊन दिलेली शेड परत, फिरदोस तिच्या मामूच्या दुकानात आणि मी कुठल्याशा ऑफिसात टायपिंगला. दोन पोरी लेथ चालवणार म्हणून अख्खी कुपवाड एमआयडीसी टपून बसलीय. जबडाच असा फुटका असेल तर त्यांच्यापुढे धरायचं काय आणि कशात?

मी रडले नाही. फिरदोस थोडी रडली, पण ती लग्नाची पत्रिका बघूनही रडते.

मामींना नमस्कार. उत्तर लगेच पाठवा, नाहीतर मीच पेटीत बसून साताऱ्याला येते.

आपली, भार्गवी


सातारा, २२ ऑगस्ट १९९६

चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी जेवलो नाही. (संध्याकाळी जेवलो.) एसटीडीवर ओरडलो की माझा घसा बसतो, म्हणून लिहितो आहे.

ही ट्रान्सपोर्टवाल्यांची बदमाषी आहे. पुरावा ऐक. पेटी मी घरी स्वतः वजन केली, बासष्ट किलो. त्यांच्या पावतीवर सहासष्ट! ज्यांचा काटाच चार किलो खोटं बोलतो, ते पेटी नीट नेणार होय? वीस वर्षं ओळखीचा हमाल हरिबा, त्याला चार माणसांत बोललो की तू पेटी आपटलीस. तर उलट मलाच सांगतो की आवं नारायणराव, म्या न्हाई आपटली, उचलली तवाच आत कायतरी गडगडत हुतं. आता चक काय गडगडतो? मी भुसा स्वतःच्या हातांनी ठासलाय. त्याच्याशी बोलणं बंद केलं आहे. तक्रारीचा अर्ज तयार आहे, सोमवारी देतो. हरिबाचं काम गेलं तर गेलं.

तू धीर सोडू नकोस. एकटा जबडा बदलून भागत नाही, तिन्ही नवे घालावे लागतील. बघतो.

तुझा मामा, नारायण

ता. क. भार्गवी, हे आंघोळीला गेलेत म्हणून कोपऱ्यात लिहितेय. पेटीतला भुसा टाकू नकोस गं. तळापर्यंत हात घालून बघ. आणि यांना कळवू नकोस. पद्मामामी.


सांगली, २४ ऑगस्ट १९९६

ती. मामा आणि ती. मामी यांस,
भार्गवीचा शि. सा. नमस्कार.

मामा, आधी बसा. पाणी प्या. अर्ज फाडा.

भुशाच्या तळाशी वरवंटा सापडला.

हसून हसून फिरदोस भुशातच बसली. चार किलो म्हणजे चार किलो, आम्ही शेजारच्या किराणावाल्याकडे तोलून आणला. ट्रान्सपोर्टचा काटा खरा, हरिबाही खरा. सातारा ते सांगली, कराडच्या सगळ्या खड्ड्यांतून हा वरवंटा पेटीत इकडून तिकडे लोळत आला आणि तुमच्या चकाला भेटत राहिला.

लेकीकडे जाणारी पेटी स्वयंपाकघरातलं काही घातल्याशिवाय हलवायची नाही, ही आजीची रीत मला माहीत आहे. पण मामी, चकाबरोबर वरवंटा? लाडू चालले असते!

मामी, कळवू नकोस म्हणालात तरी कळवतेय, कारण हरिबाचं काम जाता कामा नये. मामा, मामींना रागावायचं नाही. वरवंट्याच्या टोकाला खाच आहे. तो आईचा आहे, मी पाहताक्षणी ओळखला. मग मात्र रडले. आई जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तिचा हात जिथे धरायचा तिथे दगड अजून गुळगुळीत आहे.

हसत-रडत, भार्गवी


सातारा, २८ ऑगस्ट १९९६

चि. भार्गवीस आशीर्वाद.

अर्ज चुलीत गेला. मी वजन केल्यावर तुझ्या मामीने तो गुपचूप भुशात खुपसला होता. विचारलं, तर म्हणते पोरीने स्वतःचं दुकान मांडलं, तिथे तिच्या आईचं काहीतरी नको का? शेवटी अक्का, तुझी आई, माझी बहीण होती.

मग चार माणसांतच जाऊन हरिबाची माफी मागितली. तो म्हणाला की आता जबडे मीच घिऊन जातो, मांडीवर. तेव्हा तीन नवे जबडे आणि एक सेंटर घेऊन तो शनिवारच्या एसटीने निघतोय. त्याला पोटभर जेवू घाल. जबडे बसवल्यावर चकातच ग्राइंड करून घ्या, म्हणजे तिन्ही सारखं धरतील, विसरू नका.

तुझा शरमिंदा मामा


सांगली, ६ सप्टेंबर १९९६

ती. मामा-मामींस साष्टांग नमस्कार.

पास! पंचवीसच्या पंचवीस! दादासोंनी प्रत्येक शाफ्ट मापला, चष्मा पुसला, पुन्हा मापला. फिरदोस श्वास रोखून इतकी लाल झाली की ते म्हणाले पोरीला पाणी द्या.

हरिबाने जबडे खरंच मांडीवरच आणले. इस्लामपुरात उतरून चहासुद्धा घेतला नाही म्हणे. जेवताना मला सांगितलं की लय चांगली हाय तुजी मामी, फकस्त तिला पेटीजवळ जाऊ द्याची न्हाई.

वरवंटा लेथशेजारी ठेवलाय, खंडेनवमीला हत्यारांत पुजणार. आता तुकडे आवळून धरायला दुसरा वाइस लागेल, मामा. लवकर पाठवा.

तुम्हा दोघांचा लोभ आहे तेवढा राहिला तरी पेटी भरून सांडेल.

भार्गवी


सातारा, १२ सप्टेंबर १९९६

चि. भार्गवीस खूप आशीर्वाद.

वाइस आज पाठवला. पेटीला खिळे मी ठोकले, वजन मी केलं. घरी एक्काहत्तर, पावतीवरही एक्काहत्तर. अर्ध्या किलोचासुद्धा फरक नाही! वाइस वाटला त्यापेक्षा जड निघाला, पण जुनं बिडाचं लोखंड तसंच असतं. हरिबाने हसत हसत उचलली. का हसत होता कुणास ठाऊक. अक्का असती तर तुझ्या शेडच्या दारात उभी राहून सगळ्या एमआयडीसीला पेढे वाटत बसली असती.

तुझा मामा

ता. क. हे दाढी करताहेत. वरवंटा एकटा काय कामाचा, म्हणून अक्कांचा पाटा तळाशी घातलाय. या खेपेला गोधडीत गुंडाळून, दोरीने आवळून, आणि यांनी खिळे ठोकून वजन करायच्या आधी. हरिबाला ठाऊक आहे. पद्मामामी.