खिडकीकडची फळी

दि. ५ जानेवारी

चि. भिंगरी हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझे अभ्यासाचे टेबल आज मालगाडीने रवाना केले आहे. कॉलेजची प्रवेश परीक्षा बारावीनंतर असली तरी नववीपासून तयारी करणारेच पुढे जातात आणि तुझे सराव परीक्षेतील गुण मात्र एका जागी अडले आहेत, असे तुझ्या वडिलांनी कळविले. तुझे लक्ष खिडकीबाहेर असते, असेही लिहिले. म्हणून समोर व दोन्ही बाजूंस डोक्याएवढ्या उंच फळ्या लावल्या आहेत. नजर गेलीच तर पुस्तकात जाईल.

आमच्या न्हाव्याने विचारले की, एवढ्याशा पोरीला आतापासून घाई कशाला? मी त्यास सुनावले की, ओले लाकूड दाबाखाली ठेवूनच वाळवावे, नाहीतर पीळ पडतो. चौथी शिकलेल्या माणसाने हे टेबल केले आहे. त्यावर बसून चौथीच्या पुढचे काही करून दाखव.

तुझ्या लोभास पात्र,
आजोबा

दि. २ फेब्रुवारी

ती. आजोबांना सा. न. वि. वि.

टेबल पोचलं. बाबा आल्यागेल्याला त्यावर टकटक करून दाखवतात. आई म्हणाली की घोड्याला झापडं लावल्यासारखं दिसतंय, पण तुम्हाला कळवू नको. कळवलं! माझे गुडघे वर आपटतात, म्हणून मी तिरकी बसते. खिडकी दिसत नाही, तेव्हा कोण चाललंय ते सायकलच्या खडखडीवरून ओळखते.

गुण वाढलेत हं. शिकवणीत पहिली आले तर सगळी उन्हाळी सुट्टी तुमच्या कारखान्यात, असं बाबांनी कबूल केलंय. गेल्या सुट्टीत तिथे करायला घेतलेल्या माझ्या स्टुलाचे तीन पाय झालेत, चौथा मीच बसवणार. त्याला कुणाला हात लावू देऊ नका. तुम्हीसुद्धा नाही!

माया असू द्या.
तुमची भिंगरी

दि. १० फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस आशीर्वाद.

गुण वाढल्याचे वाचून समाधान वाटले. न्हाव्यासही वाचून दाखविले. गुडघ्यांविषयी लिहिलेस. माझे माप चुकत नाही. गेल्या सुट्टीत तुला बसवून घेतलेले आहे. त्यानंतर तू वाढलीस, हा टेबलाचा दोष नव्हे. पाय आत ओढून बसावे.

तुझे स्टूल भिंतीला टेकवून ठेवले आहे. पहिली ये, म्हणजे झाले. तुझ्या आईस सांग, झापडे लावलेला घोडाच सरळ चालतो.

लोभ वाढता ठेव.
आजोबा

दि. १८ एप्रिल

ती. आजोबांना सा. न.

पहिली आले. बाबांनी सगळ्यांना फोन केले. मग शिकवणीच्या सरांनी मला वरच्या तुकडीत घातलं, आणि ती तुकडी सुट्टीभर भरते. मी बाबांना कबुलीची आठवण करून दिली, तर म्हणाले की हातात आलेलं सोडतं का कुणी? कमी गुण पडले असते तर, असंही विचारलं. तेव्हा म्हणाले की मग तर सुट्टीत अभ्यास करावाच लागला असता. म्हणजे आजोबा, या खोलीच्या दोन्ही दारांना कडी बाहेरूनच होती.

तुमचीच तशी इच्छा आहे, असं बाबा सांगतात. तुम्ही नाही म्हणालात तर ते ऐकतील. लिहाल ना?

भिंगरी

दि. ३० एप्रिल

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्याच दिवशी तुझ्या वडिलांस लिहिले की, कबूल केलेली सुट्टी मुलीस द्यावी. उत्तर आले. त्यांनी नम्रपणे कळविले आहे की, ओल्या लाकडावरचा दाब मध्येच काढला तर पीळ पडतो, हे आपणच शिकविले. माझेच वाक्य माझ्याच पत्त्यावर परत आले. काल न्हाव्याने तू कधी येणार म्हणून विचारले.

तू येत नाहीस, तर मी येतो. तुझ्या वडिलांनी इतक्यात येऊ नये असे सुचविले आहे. परंतु टेबल माझे आहे, ते दुरुस्त करण्यास मला परवानगी लागत नाही. पाय उंच करीन. खिडकीकडची फळी उतरवीन. शिकवणी मी केलेली नाही. ती मला उतरवता येत नाही.

स्टूल सोबत आणीत आहे, तीन पायांवरच. चौथ्यास कोणी हात लावलेला नाही.

आजोबांवरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.
आजोबा

ता. क. मी पोहोचेपर्यंत तिरकी बसू नकोस. पीळ तसाच पडतो.