भाऊबीजेची दादर

पिंप्राळा, जळगाव
२० ऑक्टोबर २०२४, रविवार

ती. अक्कांना,
कुमुदचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडते, तुम्ही ओरडता आणि शेवटी अभिमनच दोघींच्या वतीने बोलून घेतो. म्हणून आता पत्रच बरं. शाळेत सिस्टर शिकवायच्या की पत्रात आधी दुसऱ्याची विचारपूस करावी, मग आपलं रडगाणं गावं. तेव्हा आधी सांगा, गुडघे कसे आहेत? आणि कानाचं मशीन डबीत ठेवून ऐकू येत नाही, असं तुमच्या लेकाचं म्हणणं आहे. माझंही तेच आहे.

आता माझं. हे गेले त्याला सात महिने झाले. त्यांची खुर्ची मी अजून हलवलेली नाही. पण तुमच्या भावाच्या चिमण्या खुशाल आहेत. आज सकाळी सात वाजता पायरीवर पाव तास बसले, तेवीस मोजल्या आणि त्यांच्या वहीत लिहिल्या. सज्जाखालच्या सातपैकी पाच पेट्यांत यंदा घरटी झाली. आजूबाजूला आता नुसत्या काचेच्या इमारती, चिमणीला बोट ठेवायला जागा नाही. साऱ्या कॉलनीत एवढ्याच राहिल्यात. अक्का, ह्या घरात आता आवाज असा तेवढाच होतो.

त्यांनी सांगितलेलं सगळं करते. पाण्याची मातीची भांडी रोज घासते, शेवाळ धरलं तर पाखरं आजारी पडतात म्हणून. जिन्याच्या काचेवर बुलबुल आपटला होता, तिथे जुन्या साडीच्या काठाच्या पट्ट्या लटकवल्यात. कडुनिंबाची फांदी तोडायला आलेल्यांना पिल्लं उडेपर्यंत थांबवलं. दर रविवारची वही चुकवत नाही. त्यांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. काही दिसलं नाही तरी जागा कोरी सोडायची नाही, शून्य लिहायचं. कोरी जागा म्हणजे आपण बसलोच नाही.

एक मागणं आहे. दुकानातल्या बाजरीला किडीचा वास येतो, चिमण्या तोंड लावत नाहीत. तुमच्या शेतातली थोडी ज्वारी मिळेल का?

तुमची माया आजवर दुष्काळातही आटली नाही, ती तशीच असू द्या.

आपली,
कुमुद

*

देवपूर, धुळे
४ नोव्हेंबर २०२४

चि. कुमुदला,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र बेबाबाईला दाखवलं. भांडी घासणारीनेच अक्षराचं कौतुक केलं, म्हणाली छापलेलंच वाटतं. मी म्हटलं, कॉन्व्हेंटची सून आणली होती आम्ही, भाकरी येत नव्हती पण अक्षर येत होतं. रागावू नकोस, भाकरी तुला मीच शिकवली.

काल भाऊबीज झाली. पासष्ट वर्षांत पहिल्यांदा पाट रिकामा. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. अभिमनची बायको ताट घेऊन गच्चीवर चल म्हणाली, पण माझ्याने होईना. भागवतला ओवाळायचं ते चंद्राला काय ओवाळू? घरात दादरीची गोणी आली होती, आपली खानदेशी ज्वारी, टपोरी. ती तुझ्याचसाठी धुऊन वाळवून ठेवली होती. पाटावर रांगोळी काढली, वर दादरीची रास घातली आणि तिलाच ओवाळलं. त्याच्या चिमण्या खातील म्हणजे त्याला पोचेल. हसलीस तरी चालेल.

अभिमन बुधवारी कामाने जळगावला येतोय, एरंडोलमार्गे. त्याच्याबरोबर अख्खी गोणी पाठवते. तीन पाण्यांतून काढली आहे, खडा नाही की कचरा नाही. तुझ्या पाखरांना शहरी सवयी, मागाहून नावं नकोत ठेवायला. हात आखडू नकोस. भावाची बीज आहे.

एकटी आहेस म्हणून उपाशी झोपू नकोस. जीव लावते आहेस तसाच लावत राहा.

तुझी,
अक्का

*

पिंप्राळा
१८ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कांना,
सा. न.

आज विचारपुशीचा नियम मोडते, माफ करा.

चिमण्या मरताहेत. गेल्या सोमवारी पहिली पायरीवर सापडली. पिसं फुगलेली, पाय ताठ, अंगावर कुठे जखम नाही. मला वाटलं मांजर असेल. दुसऱ्या दिवशी तिघी. एक माझ्या ओंजळीत गेली. डोळे उघडे होते आणि मान सारखी मागे पडत होती. मी तिला चमच्याने पाणी पाजत होते आणि लहानपणी शाळेत पाठ केलेली प्रार्थना म्हणत होते. इतक्या वर्षांनी ओठांवर कुठून आली कोण जाणे. दहा तारखेला वहीत चौदा लिहिल्या. काल पाच.

समोरच्या धनकुंवरबेनना तुम्ही ओळखता. ह्यांच्या दहाव्याला पाणी भरायला आल्या होत्या त्या. त्यांच्या मुलाने, अनुजने, दिवाळीआधी घराला वाळवीचं औषध मारून घेतलं होतं. तेच असणार, दुसरं काय? मी मेलेली चिमणी कागदात घेऊन त्यांच्या फाटकाशी गेले आणि सगळ्या गल्लीसमोर बोलले. म्हणाले की, पाणी गाळून पिता, सूर्यास्तानंतर जेवत नाही आणि शेजारच्या जिवांना विष घालता, हा कुठला धर्म? त्या चिमणीकडे बघत राहिल्या, हात जोडले आणि आत गेल्या. तेव्हापासून त्यांची खिडकी बंद आहे.

उरलेल्या पाच तरी जगाव्यात म्हणून तुमची दादर आता दोन्ही वेळा घालते. दुसरं काही सुचत नाही. हे असते तर त्यांना कळलं असतं.

तुमचा आधार आहे म्हणून उभी आहे.

तुमची,
कुमुद

*

देवपूर
२५ नोव्हेंबर २०२४

चि. कुमुदला आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. भागवत लहानपणी पडलेलं पिल्लू टोपीत घालून शाळेत न्यायचा, मास्तरांचा मार खायचा. त्याची पाखरं अशी जावीत? त्या बाईंना बोललीस ते बरोबरच केलंस. पैसेवाल्यांना वाळवी दिसते, चिमणी दिसत नाही.

दादर मात्र बंद करू नकोस. त्यानेच अंगात ताकद येईल. इकडे मीही शनिवारपासून गच्चीवर मूठमूठ घालते आहे. थोडी मागे ठेवली होती. होले येतात दोन-चार. तुझ्याकडची गेली तर भागवतची पाखरं माझ्याकडे तरी असावीत.

ह्या दादरीपायी बेबाबाईशी माझं वाजलं होतं, ते सांगायचं राहिलं. सुपडू, आपला शेतावरचा, त्याने पेरणी झाल्यावर बठ्ठं, उरलंसुरलं सगळं, आणून टाकलं होतं. कुंकवात लोळवल्यासारखे लालभडक दाणे. रंग लावून विकायची नवीन तऱ्हा दिसते. बेबाबाई म्हणाली, असलं घरात नको, फेकून द्या. मी म्हटलं, वेडी का तू, अन्न फेकतात होय? तिने हात लावला नाही, तर मीच बसले धुवायला. पहिलं पाणी गुलालासारखं निघालं, दुसरं फिकट, तिसरं स्वच्छ. गुडघे दोन दिवस बोलत होते. पण दाणा मोत्यासारखा निघाला की नाही?

धीर सोडू नकोस. मी आहे.

अक्का

*

पिंप्राळा
२९ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का,

तुमचं पत्र काल दुपारी आलं. ते वाचताच मी अभिमनला फोन केला. गच्चीवरचे दाणे झाडून घ्या, उरलेले कुणाच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा आणि आईंनी विचारलं तर मामीचं पत्र येतंय एवढंच सांगा, असं त्याला सांगितलं. तो ऐकणारा मुलगा आहे, काही न विचारता वर गेला असेल. कारण मात्र मीच लिहायला हवं. रात्रभर दुसरं काहीतरी लिहिता येईल का ते बघत होते. तुम्ही स्वतः दाणे घालत नसता तर मी खोटं लिहिलं असतं, अक्का. चिमण्या परत आल्या असं लिहिलं असतं आणि ते जन्मभर सांभाळलं असतं.

तो रंग शोभेचा नव्हता. पेरायच्या बियाण्याला दवा चोळतात, किडीने खाऊ नये म्हणून. कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्याला लाल रंग देतात. रंग पाण्याने गेला, दवा गेली नाही. बाजरी नको म्हणणाऱ्या चिमण्या तुमच्या दादरीवर तुटून पडल्या होत्या.

लाल दाणे पाहिले असते तर मी ओळखलं असतं. ह्यांनी मला दाखवले होते एकदा. पण माझ्या हाती आले ते मोती.

तुम्ही स्वतःला बोल लावाल, म्हणून सांगते. मागितलं मी. घातलं मी. पाच उरल्यावर दोन्ही वेळा घातलं तेही मीच.

काल संध्याकाळी धनकुंवरबेनकडे गेले. पाया पडू लागले तर त्यांनी धरलं. म्हणाल्या की, त्या दिवसापासून त्या रोज उपास करत होत्या, आपल्याच घरच्या औषधाने झालं असेल म्हणून. म्हणजे तो गुन्हाही माझ्याच नावावर.

गेल्या रविवारी सात वाजता पायरीवर बसले. पाव तास झाला, अर्धा तास झाला. वहीतली जागा कोरी आहे. मला तिथे शून्य लिहवत नाही.

माया तोडू नका.

कुमुद

*

देवपूर
४ डिसेंबर २०२४

कुमुद,

अभिमनने गच्ची झाडली त्याआधी दोन होले गेले होते. मी ते मांजराचं काम समजले होते. सुपडूने उरलेली दादर खोल पुरली, वर फरशी टाकली. बेबाबाई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पत्र चारदा वाचलं. तू सगळं आपल्यावर घेतलंस, पण मला हिशेब कळतो. ज्या राशीला ओवाळलं, तीच घातली. तीन पाण्यांतून काढून, स्वतःच्या हाताने. त्याला पोचेल म्हणाले होते.

तुला एकच मागते. येत्या रविवारी, आठ तारखेला, मी येते. अभिमन पहाटे निघून सातच्या आत पोचवतो म्हणाला. कानाचं मशीन लावून येईन. एकही आवाज आला तर ऐकू यावा म्हणून. येणार नाही, ते मलाही समजतं.

पायरीवर तुझ्याशेजारी बसेन. पाव तास, त्याच्या नियमाने. वही आणि पेन बाहेर काढून ठेव.

कोऱ्या जागांना तोवर हात लावू नकोस. त्या रविवारचं शून्य, एक तारखेचं आणि आठ तारखेचंही, तिन्ही माझ्या अक्षरात असू देत. तुझ्या सुंदर अक्षरातलं ते त्याला बघवायचं नाही.

तुझीच,
अक्का